जत्रेतील बत्ती : ‘फॅन्ड्री’ चित्रपटातील सण आणि धर्मचिन्हे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात सणांविषयी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीने आम्हांस आज्ञा केली. सणांचा शास्त्रार्थ सांगावा, गुढीपाडव्यास कडुनिंब का खावा आणि संक्रांतीस तीळच का वाटावेत याचा उलगडा करावा, अशी आपणांपैकी पुष्कळांची अपेक्षा असणार. ती पुरी करण्यास आम्हांपेक्षा अधिक अधिकारी माणसे या सभागृहात बसलेली आहेत. म्हणून आम्ही थोडी निराळी वाट धरणार आहोत. एका मराठी चित्रपटात सण कसा आला आहे, देवाधर्माची चिन्हे कशी आली आहेत आणि ती पाहून आपण आपल्या उत्सवाविषयी काय विचार करावा, एवढाच आमच्या भाषणाचा विषय आहे. चित्रपटाचे नाव ‘फॅन्ड्री’. दिग्दर्शक श्री. नागराज मंजुळे. हा चित्रपट 2013 साली तयार झाला आणि 14 फेब्रुवारी 2014 रोजी चित्रगृहांत प्रदर्शित झाला. दिग्दर्शकाच्या पहिल्याच चित्रपटास दिला जाणारा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला. त्यातील मुलाचे काम करणाऱ्या सोमनाथ अवघडे यासही बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘ज्ञातीच्या संमेलनात सिनेमाची चर्चा कशाला?’ असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, या चित्रपटातील सर्वांत मोठा प्रसंग जत्रेचा आहे, आणि आपल्या मंडळाचे वर्षातील सर्वांत मोठे कार्यही उत्सवाचेच आहे. तेव्हा विषय परका नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. एका लहानशा गावात कचरू माने नावाचा कैकाडी समाजाचा गृहस्थ राहतो. त्याचा मुलगा जांबुवंत. घरचे आणि गावचे त्यास जब्या म्हणतात. तो शाळेत जातो, हलगीचा त्यास नाद आहे, आणि शालू नावाची वर्गातील मुलगी त्याच्या मनात भरली आहे. काळी चिमणी मारून, तिला जाळून, तिची राख जिच्या अंगावर टाकावी ती वश होते, अशी समजूत त्याच्या मनात रुजली आहे. म्हणून गलोल घेऊन तो रानोमाळ त्या चिमणीच्या मागे हिंडतो. चिमणी शेवटपर्यंत हाती लागत नाही. इकडे बहिणीचे लग्न ठरत आहे, पैशाची तंगी आहे, आणि गावातील डुकरे पकडण्याचे काम कचरूच्या गळ्यात पडलेले आहे. ‘फॅन्ड्री’ हा कैकाडी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ डुक्कर. गावातील पोरे हाच शब्द जब्यास चिडविण्यासाठी वापरतात.

कैकाडी समाजाविषयी दोन शब्द सांगणे येथे आवश्यक आहे. टोपल्या, कणग्या विणणारा हा कष्टाळू समाज. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याखाली पुढे ज्या अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यांत हा समाजही होता. स्वातंत्र्यानंतर 1952 साली तो कायदा रद्द झाला, आणि तेव्हापासून या जमातींस ‘विमुक्त’ म्हणू लागले. महाराष्ट्रात आजही विदर्भातील कैकाडी अनुसूचित जातींत आणि उरलेल्या भागातील कैकाडी विमुक्त जातींत मोडतात. पंढरीस जाणाऱ्या आपल्या मंडळींनी तेथील कैकाडी महाराजांचा मठ पाहिला असेल. मठ पाहून आपण हात जोडतो. परंतु ज्या समाजाचे नाव त्या मठास आहे, त्या समाजाचे एखादे घर आतून पाहिलेला मनुष्य आपणांत विरळा.

आता धर्मचिन्हांकडे वळू. या चित्रपटात धर्माविषयी कोणी प्रवचन करीत नाही. देवाविरुद्ध एक शब्दही उच्चारलेला नाही. तरीही प्रसंगाप्रसंगांतून धर्माची चिन्हे विखुरलेली आहेत, आणि ती नीट पाहिली म्हणजे आपल्या धर्मजीवनातील एक विसंगती डोळ्यांपुढे उभी राहते.

प्रथम नावेच पाहा. मुलाचे नाव जांबुवंत. रामायणातील जांबुवंत हा वयोवृद्ध, ज्ञानी आणि प्रभू रामचंद्राचा सहायक. समुद्र कसा ओलांडावा या विवंचनेत वानरसेना बसली असता हनुमंतास त्याच्या सामर्थ्याची आठवण करून देणारा तोच. आईबापांनी मुलास एवढे मोठे नाव दिले. गावाने त्याचा ‘जब्या’ केला. बापाचे नाव कचरू. आपल्याकडे पूर्वी मुले वाचत नसत, तेव्हा जगावे म्हणून मुलास कचऱ्यावर टाकल्यासारखे करून परत घेत आणि कचरू, धोंडू, दगडू अशी नावे ठेवीत. दृष्ट लागू नये, यमाचे लक्ष जाऊ नये, एवढाच त्यामागील हेतू असे. आपल्याही घराण्यांच्या वंशावळीत अशी नावे सापडतील. परंतु आपल्या घरातील धोंडूचा पुढे धोंडोपंत झाला; या कचरूचे नाव मात्र गावाने अक्षरशः खरे करून दाखविले. मायेने ठेवलेले नाव हेच त्याचे गावातील स्थान होऊन बसले.

दुसरे चिन्ह प्रत्यक्ष डुकराचे. श्रीविष्णूच्या दशावतारांतील तिसरा अवतार वराहाचा. बुडालेली पृथ्वी त्याने वर उचलून आणली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. मध्य प्रदेशात विदिशेजवळ उदयगिरीच्या लेण्यात गुप्तकालीन भव्य वराहमूर्ती आहे. खजुराहो येथील वराहाच्या मंदिरात तर पूर्ण पशुरूपातील मूर्ती पूजिली गेली. चालुक्य राजांचे राजचिन्ह वराह होते, आणि दक्षिणेतील सोन्याच्या नाण्यास ‘वराह’ हेच नाव पडले. म्हणजे हा प्राणी पुराणात अवतार आहे, राजमुद्रेवर वैभव आहे, नाण्यावर सोने आहे. आणि गावच्या गल्लीत आला की विटाळ आहे! त्याचा स्पर्श झाला तर अंघोळ करावयाची, आणि त्यास पकडून गाव स्वच्छ करणाऱ्या माणसाचाही तेवढाच विटाळ मानावयाचा, हा न्याय कोणत्या शास्त्रातून आला याचा विचार आपण कधी केलेला नाही. चित्रपटात वराहावताराचा उल्लेख नाही. परंतु ज्याने दशावतारांची चित्रे घरात लावलेली आहेत, त्याच्या मनात ही गोष्ट आल्यावाचून राहू नये.

तिसरे चिन्ह काळ्या चिमणीच्या राखेचे. आपण देवळातून अंगारा आणतो, कपाळास लावतो, मुलाबाळांच्या तोंडात चिमूटभर घालतो. त्यामागे श्रद्धा असते आणि संकटात ती मनास धीर देते. जब्याही एका परीने अंगाराच शोधतो आहे. फरक इतकाच की, देवळातील अंगारा त्याच्या दुःखावर चालत नाही. आपण जसे जन्मलो तसे न राहता निराळे व्हावे, शालूच्या डोळ्यांना आपण इतर मुलांसारखेच दिसावे, ही त्याची इच्छा. ती पुरविणारा नवस गावच्या देवापुढे बोलता येत नाही, म्हणून तो रानातील पाखराच्या मागे लागतो. आम्ही ही भाबडी समजूत म्हणून सोडून देणार होतो. पण पुढे मनात आले की, ज्या मुलास गावच्या धर्मात जागा मिळत नाही तो स्वतःपुरता एक लहानसा धर्म तयार करतो. अशा समजुतीस हसण्याआधी, त्यास जागा कोणी नाकारली हे पाहावयास हवे.

चौथी गोष्ट संतांची. शाळेच्या वर्गात चोखोबांचा अभंग शिकविला जातो. वरच्या रूपास भुलू नये, आतील रस पाहावा, असा त्याचा आशय. चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून गेले, आणि त्यांची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर आहे, हे आपण सर्व जाणतो. महाद्वारासमोर, म्हणजे बाहेर. ते द्वार हरिजनांस उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 सालच्या मे महिन्यात पंढरपुरास प्राणांतिक उपोषण करावे लागले. चित्रपटातील वर्गात अभंगाचा अर्थ सांगितला जातो, मुले तो वहीत उतरवितात. आणि वर्गाबाहेर पडताच जब्या पुन्हा ‘फॅन्ड्री’ होतो. अभंग पाठ असणे आणि अभंग कळणे या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे, हे एवढ्यावरून ध्यानी यावे.

आता मुख्य प्रसंगाकडे, म्हणजे जत्रेकडे येतो.

सण म्हणजे आनंदाचा दिवस, कामास विसावा, लहानथोर एकत्र येण्याची संधी, अशी सणाची व्याख्या आपण मुलांना शिकवितो. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. आपल्या गावगाड्यात सण हा मान वाटण्याचाही दिवस असे. पोळ्यास कोणाचा बैल वेशीतून पहिला जावयाचा, होळीस पहिला नैवेद्य कोणाचा, पालखीस पहिला खांदा कोणाचा, यावरून भांडणे होत, कज्जे चालत, पिढ्यान्‌पिढ्या अबोला राही. एरवी वर्षभर जी उतरंड घराघरांत झाकलेली असे, ती सणाच्या दिवशी उघड्यावर, वाजतगाजत, सर्वांच्या देखत मांडली जाई. कोणाच्या पुढे कोण आणि कोणाच्या मागे कोण, हे ज्यास जाणून घ्यावयाचे असेल त्याने मिरवणूक पाहावी.

‘फॅन्ड्री’तील जत्रेत नेमके हेच दाखविले आहे. जब्या जत्रेची वाट पाहत असतो. नटूनथटून तो मिरवणुकीत येतो. वाद्यांच्या तालावर त्याचे पाय आपोआप नाचू लागतात. शालू पाहत असेल, या आशेने तो भान विसरून नाचतो. तेवढा थोडा वेळ तो कोणाचा कोण नसतो. जत्रेतील एक आनंदी मुलगा असतो. इतक्यात बाप त्यास बाजूस ओढतो आणि त्याच्या डोक्यावर गॅसबत्ती देतो. मिरवणुकीस उजेड हवा, आणि उजेड धरण्याचे काम त्यांचे. मग तो मुलगा डोक्यावर बत्ती घेऊन, डोळ्यांत पाणी आणून, स्तब्ध उभा राहतो. त्याच्याच उजेडात इतर नाचतात. त्याच्याच उजेडात देवाचे दर्शन घडते. आणि त्याच उजेडात शालूही त्यास पाहते. नाचताना नव्हे, बत्ती धरताना.

बंधुभगिनींनो, दिव्याखाली अंधार ही म्हण आपण शेकडो वेळा वापरली असेल. ती डोळ्यांनी पाहिली ती आम्ही येथे.

आम्हांस येथे एक शंका आली, ती आपणांपुढे ठेवतो. देवापुढे दिवा धरणे हे हलके काम आहे काय? मुळीच नाही. खंडोबाच्या कुळाचारात दिवटी-बुदली देव्हाऱ्यात ठेवून पूजिली जाते, आणि कुळधर्मास घरचा कर्ता पुरुष दिवटी पाजळतो. भवानीच्या गोंधळात पोत नाचविणारा गोंधळी सर्वांच्या नमस्कारास पात्र असतो. उजेड धरणे ही सेवा असून तिला आपल्या परंपरेत मोठा मान आहे. मग जब्याच्या डोक्यावरील उजेडास तो मान का नाही? कारण ती दिवटी आपण हौसेने धरतो आणि ही बत्ती त्यास धरावी लागते. आपण दिवटी खाली ठेवून प्रसादाच्या पंगतीस बसू शकतो. त्यास बत्ती खाली ठेवता येत नाही. काम तेच, अग्नी तोच, देवही तोच. एकास तो कुळाचार होतो आणि दुसऱ्यास वेठ. अपमान त्या कामात नसतो. कोण करणार हे जन्मावरून आधीच ठरविले जाते, त्यात तो असतो.

जत्रा संपली तरी या कुटुंबाची जत्रा संपत नाही. डुकरांचा उपद्रव होतो म्हणून ती पकडण्याचे काम कचरूवर येते, आणि शाळेच्या आसपासच बायकापोरांसह सारे कुटुंब डुकरामागे धावत सुटते. जब्या वर्गातील मुलांच्या नजरेपासून लपू पाहतो आणि बापाचा मार खातो. मुले जमतात, हसतात, एखादा खेळ पाहावा तशी ती धावपळ पाहतात. इतर मुले ज्या वेळी शाळेत आहेत त्या वेळी जब्याची शाळा बुडालेली आहे. सणाची सुट्टी आणि शाळा बुडणे या दोन गोष्टी वरून सारख्या दिसतात. दोहोंतही मूल वर्गात नसते. पण एकाची सुट्टी निर्वेध पार पडावी म्हणून दुसऱ्याची शाळा बुडते, हा त्यांतील संबंध आपल्या ध्यानी येत नाही. उत्सवाचा दुसरा दिवस कोणाच्या वाट्यास येतो, हे आपण सहसा विचारीत नाही.

याच प्रसंगात एक विलक्षण क्षण येतो. डुक्कर हाती लागणार एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या जागच्या जागी उभा राहतो. घरची माणसेही थबकतात. डुक्कर निसटून जाते. राष्ट्रगीतास सुमारे 52 सेकंद लागतात. तेवढा वेळ शाळेतील गुरुजी, विद्यार्थी आणि शाळेबाहेरचे ते कैकाडी कुटुंब एकाच रीतीने ताठ उभे असते. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. आमच्या मते हाच या चित्रपटातील खरा सण होय. आपल्या घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. 26 जानेवारी 1950 पासून ती घटना अमलात आहे. त्या घटनेने दिलेले वचन त्या 52 सेकंदांपुरते पाळलेले दिसते. गीत संपते, आणि पाठलाग पुन्हा सुरू होतो.

पुढे पकडलेले डुक्कर काठीस बांधून खांद्यावरून नेले जाते. मागे शाळेची भिंत आहे, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. पालखी जशी खांद्यावरून जाते, तसेच हे ओझे खांद्यावरून जाते. आदल्या मिरवणुकीत देव होता आणि गाव सामील होते. या मिरवणुकीस साक्षी आहेत ते भिंतीवरील थोर पुरुष आणि स्त्रिया. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा बांधणारे तेच. गाव झाडणारा मनुष्य गावाचा गुरू होऊ शकतो, हे त्यांनी आपल्या आयुष्याने दाखविले. त्यांचे चित्र आपण भिंतीवर काढले आणि खराटा मात्र दुसऱ्याच्या हातात ठेवला.

शेवटी चिडविणाऱ्यांवर जब्या दगड उचलतो. त्याचा अखेरचा दगड थेट पडद्यातून आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. आम्ही खुर्चीत बसलेले असूनही मान मागे गेली, हे प्रांजळपणे सांगतो. काही मंडळींस हा शेवट आवडला नाही; मुलांच्या हाती दगड देणे बरे नव्हे, असे ते म्हणतात. दगडाचे समर्थन आम्हीही करीत नाही. परंतु हा प्रश्न त्या मुलास विचारण्यापूर्वी आधीच्या जत्रेत आपण कोठे उभे होतो, हे स्वतःस विचारले पाहिजे.

आणि येथेच आम्हांस आमच्या मंडळाची आठवण झाली. म्हणूनच हा विषय आम्ही येथे आणला.

आपल्या ज्ञातीचा इतिहास आपण सर्व अभिमानाने सांगतो. एके काळी गावच्या पालखीस आपल्या माणसांचा खांदा चालत नसे. आपले आजे-पणजे पालखीमागे अंतर राखून चालत. पंगतीत त्यांना शेवटी बसवीत. त्यांनी अर्जविनंत्या केल्या, प्रसंगी जत्रेवर बहिष्कार घातला, आणि खांद्याचा मान मिळविला. ती हकीकत आपल्या स्मरणिकेत पुनःपुन्हा छापली जाते, आणि ती वाचताना आमचाही ऊर भरून येतो. वरच्या पायरीवरून झालेला अपमान आपण पिढ्यान्‌पिढ्या विसरलो नाही. परंतु त्याच पालखीपुढे त्याच रात्री बत्ती कोण धरीत होते? त्या माणसांना आपल्या मानाच्या लढ्यात आपण कोठे धरले होते? डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्थेचे मर्म सांगताना तिला पायऱ्यापायऱ्यांची विषमता म्हटले आहे. प्रत्येकाच्या पायाखाली कोणी ना कोणी असल्यामुळे एकूण उतरंड मोडावी असे कोणासच मनापासून वाटत नाही, असा त्यांच्या विचाराचा भावार्थ. आपण वरची एक पायरी चढलो, हे खरे. पण खालच्या पायरीवरचा पाय आपण उचलला काय?

चित्रपट पाहून आल्यावर आम्ही घरातील जुन्या स्मरणिका काढून बसलो. उत्सवाच्या वृत्तांताची पाने चाळली. देणगीदारांची नावे आहेत. नारळाचे तोरण देणाऱ्याचे नाव आहे. पालखीच्या मानकऱ्यांची नावे क्रमाने आहेत. मांडव घालणाऱ्याचे, आचाऱ्याचे, सनईवाल्याचे नाव आहे. खर्चाच्या जमाखर्चात एका ओळीत लिहिले आहे : ‘बत्तीवाले चार’. पुढच्या वर्षी पाहिले, ‘बत्तीवाले चार’. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. नावे कोठेच नाहीत. त्या काळात वृत्तांत लिहिण्याचे काम काही वर्षे आमच्याकडेच होते. ते शब्द आमच्याच हातचे आहेत. त्या चौघांपैकी एक मुलगा आमच्याबरोबर गावच्या शाळेत होता. पटावर त्याचे नाव आमच्या नावाच्या खाली होते, आणि गुरुजी रोज ते मोठ्याने पुकारीत. जत्रेच्या रात्री चुंबळीवर सूं सूं करणारी बत्ती घेऊन तो आमच्यापासून दोन हातांवर उभा असे. मिरवणूक निघाली की आम्ही त्याच्याशी बोलत नसू, आणि तोही आम्हांस ओळख देत नसे. वृत्तांत लिहावयास बसलो तेव्हा त्याचे नाव आम्हांस ठाऊक होते. तरीही आम्ही ‘बत्तीवाले चार’ एवढेच लिहिले. लिहिताना त्यात काही गैर आहे असे आमच्या मनातही आले नाही. मन दुखावून केलेल्या अन्यायापेक्षा मनातही न येता घडलेला हा अन्याय आम्हांस आज अधिक लाजिरवाणा वाटतो.

आता गॅसबत्ती गेली. गाड्यावर जनित्र आले, विजेचे झगझगीत दिवे आले. परंतु मिरवणुकीमागून तो गाडा ढकलणारे आणि दिव्यांचे खांब धरून चालणारे कोण, याकडे पाहिले म्हणजे पुष्कळ ठिकाणी माणसे त्याच वस्त्यांतील असतात. दिवा बदलला, दिवा धरणारा बदलला नाही.

म्हणून नुसती हळहळ व्यक्त करून खाली बसण्याऐवजी आम्ही तीन सूचना सभेपुढे नम्रपणे ठेवतो. पहिली : येत्या वर्षापासून पालखीपुढील उजेडाचे काम आपल्या कुटुंबांतील तरुणांनी पाळीपाळीने करावे. त्यास मानाचे काम समजावे, आणि पालखीच्या खांद्याइतकीच त्याचीही यादी लागावी. जी माणसे आजवर हे काम करीत आली त्यांना त्या दिवशी पाहुणे म्हणून बोलवावे, आणि सर्वांच्या पंगतीत, सर्वांच्या बरोबर बसवावे. त्यांची त्या दिवसाची मिळकत बुडू नये याची तजवीज मंडळाने करावी. कारण मान देताना भाकरी काढून घेणे हाही अन्यायच होईल. दुसरी : उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी पत्रावळी, द्रोण, कचरा उचलण्यासाठी आपणच स्वयंसेवक म्हणून सकाळी जमावे. आपल्या उत्सवामुळे कोणाही मुलाची शाळा बुडू नये. तिसरी : आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीतून दर वर्षी निदान एका विद्यार्थ्यास ज्ञातीचे बंधन न ठेवता मदत द्यावी. या तिसऱ्या सूचनेस घटनादुरुस्ती लागेल आणि तिला विरोधही होईल, हे आम्ही जाणतो. ‘आधी आपल्या मुलांचे पाहू’ असे म्हणणाऱ्यांची अडचणही आम्हांस कळते. निधी लहान आहे आणि गरज आपल्याही घरी आहे. तरीही विचार व्हावा. पालखीचा खांदा मागताना आपल्या वाडवडिलांनी गावास हेच सांगितले होते की, देव कोणा एका ज्ञातीचा नव्हे. ते वाक्य खालच्या दिशेनेही खरे असले पाहिजे.

आणखी एक लहान विनंती संपादक मंडळास. जुन्या वृत्तांतातील त्या चौघांची नावे गावातील वृद्धांस विचारून मिळविता येतील. त्यांपैकी कोणी हयात असल्यास त्यांची, आणि नसल्यास त्यांच्या वारसांची संमती घेऊन ती नावे यंदाच्या स्मरणिकेत मानकऱ्यांच्या यादीत छापावीत. एकाचे नाव आम्ही स्वतः देऊ. आधी त्याच्या घरी जाऊन येऊ, आणि मग देऊ. इतक्या वर्षांनी दारात उभे राहून काय बोलावे, हे मात्र अजून आम्हांस सुचलेले नाही.

बंधुभगिनींनो, चित्रपट हा करमणुकीचा विषय म्हणून आपण पाहतो आणि विसरतो. परंतु एखादी कलाकृती आपल्याच जत्रेत आपणांस परत नेऊन उभी करते, आणि ‘तू तेव्हा कोठे होतास?’ असे विचारते. तेव्हा तिला उत्तर देणे हे आपले कर्तव्य ठरते. देव पालखीत बसतो, तो सर्वांना दिसावा म्हणून. ज्याच्या उजेडात तो दिसतो त्याचाही चेहरा आपणांस दिसावा, एवढेच त्या ग्रामदैवताजवळ मागून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.